फटीगचा कर्ता

इंग्रजीतल्या ‘फटीग’ या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या ‘फतीगारे’ या क्रियापदात आहे, आणि ते क्रियापद सकर्मक आहे. शाळेच्या व्याकरणातला हा तपशील मला त्या शब्दाच्या अर्थाइतकाच महत्त्वाचा वाटतो. फतीगारे म्हणजे थकणं नव्हे, थकवणं. घोड्याला पळवून पळवून दमवणं, शत्रूला चकमकींनी जेरीस आणणं, देवाला विनवण्या करून भंडावून सोडणं, अशा ठिकाणी लॅटिन लेखक हे क्रियापद वापरतात. वाक्यात दोघं असावेच लागतात: एक दमवणारा आणि एक दमणारा.

या क्रियापदाच्या नात्यात ‘फतीस्केरे’ हे आणखी एक क्रियापद असावं असं भाषाअभ्यासक मानतात. त्याचा अर्थ तडकणं, भेगा पडून उकलत जाणं. आधी लाकडाला, जमिनीला तडे जाणं आणि त्यावरून शक्ती संपणं. हे नातं पुढे लागणार आहे.

लॅटिनमधून शब्द फ्रेंचमध्ये गेला आणि 17व्या शतकात इंग्रजीत आला. गंमत अशी की ‘कधीही न थकणारा’ या अर्थाचा ‘इनडिफॅटिगेबल’ हा भारदस्त शब्द इंग्रजीत त्याच्याआधीच पोचला होता. थकव्याच्या आधी अथकपणाचं कौतुक. ब्रिटिश आरमाराला हे नाव इतकं आवडलं की त्यांनी एकामागून एक जहाजांना ते दिलं. त्यांतली एक युद्धनौका 31 मे 1916 रोजी जटलंडच्या लढाईत काही मिनिटांत फुटली आणि हजाराहून जास्त माणसं घेऊन बुडाली.

इंग्रजीत ‘फटीग’ मुख्यतः नाम म्हणून रुळला, आणि तिथे त्याचा स्वभाव बदलला. ताप असतो, खोकला असतो, तसा फटीग असतो. तो एखाद्याच्या अंगात मुक्कामाला येतो. क्रियापद होतं तोवर ‘कोणी थकवलं?’ हे विचारणं भाग होतं. नामाला कर्ता लागत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की गेल्या दीड-दोनशे वर्षांत थकव्याबद्दल जे राजकारण झालं, ते या गळालेल्या कर्त्याभोवती झालं. कारखानदार, सेनापती, सरकारं यांना थकवा हा थकलेल्याचा गुणधर्म असावा असं वाटत आलं. ज्यांना थकवलं जात होतं, ते कर्ता परत वाक्यात आणायला झगडत राहिले.

मराठीत ही सोय अजून शाबूत आहे. थकण्याशेजारी थकवणं आहे, दमण्याशेजारी दमवणं, शिणण्याशेजारी शिणवणं. ‘कार्ट्यानं दमवलं बाई आज’ असं म्हणणारी आजी कर्त्याचं नाव घेऊन मोकळी होते. तीच आजी दवाखान्यात गेली की मात्र ‘थकवा जाणवतो’ एवढंच सांगते, आणि टॉनिकची बाटली घेऊन परत येते.

सैन्यात या शब्दाला वेगळंच वळण लागलं. 18व्या शतकापासून ब्रिटिश फौजेत ‘फटीग’ म्हणजे लढाई सोडून करायची ढोरमेहनत: खंदक खणणं, लाकडं वाहणं, संडास साफ करणं. ती करताना घालायचे कपडे ते ‘फटीग्ज’. ब्रिटिशांबरोबर शब्द आपल्याकडे आला आणि एनसीसीच्या शिबिरांत अजून राहिला आहे. ज्याला फटीग लागते, तो पहाटे मैदान झाडतो. इथे निदान फटीग देणारा कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या खांद्यावर फिती असतात.

पण या शब्दाच्या प्रवासातलं सगळ्यांत विलक्षण वळण माणसांकडे गेलंच नाही. ते लोखंडाकडे गेलं.

8 मे 1842. व्हर्सायला राजाच्या सन्मानार्थ उत्सव होता. तो पाहून पॅरिसला परतणारी खचाखच भरलेली रेल्वेगाडी म्यूदोंजवळ घसरली. पुढच्या इंजिनाचा आस तुटला होता. डबे एकमेकांवर चढले, आग लागली, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे डब्यांची दारं बाहेरून कुलूपबंद होती. मेलेल्यांचा आकडा नीट लागलाच नाही. पन्नासहून अधिक माणसं गेली हे नक्की. त्यांत जगाला वळसा घालून आलेला, अंटार्क्टिकापर्यंत जाऊन सुखरूप परतलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल होता, त्याची बायको आणि मुलगाही होता.

आस का तुटला, हा प्रश्न युरोपभरच्या इंजिनिअरांना छळू लागला. लोखंड चांगलं होतं. त्याच्यावर ते पेलू शकत नाही असं ओझंही नव्हतं. मग काल तोललेलं ओझं आज का तोललं नाही? त्या वेळी सर्वमान्य होऊ पाहणारं उत्तर असं की वापरता वापरता लोखंडाचा पिंडच बदलतो. ते तंतुमय असतं ते हादऱ्यांनी स्फटिकमय होतं आणि ठिसूळ बनतं. तुटलेल्या तोंडावर चकाकणारे कण दिसायचे, त्यावरून हा तर्क. म्हणजे दोष धातूच्या अंतरंगात. विल्यम रँकिन नावाच्या बाविशी-तेविशीतल्या स्कॉटिश इंजिनिअराला हे पटेना. त्याने तुटलेले आस तपासले आणि 1843 मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडलं की आसाची जाडी जिथे एकदम कमी होते, त्या काटकोनी खांद्यापाशी तडा सुरू होतो आणि हळूहळू आत सरकतो. त्याचा उपायही साधा होता: तो कोपरा गोलसर वळणाचा करा. लोखंडाचा स्वभाव सुधारायच्या भानगडीत तो पडला नाही.

‘फटीग’ हा शब्द धातूला आधी फ्रेंचमध्ये लागला. पाँसले हा इंजिनिअर आपल्या व्याख्यानांत तो वापरत असे. इंग्रजीत तो 1854 मध्ये ब्रेथवेट या इंजिनिअराने धातूंच्या फटीगवर लिहिलेल्या निबंधामुळे पक्का झाला. पुढची मोठी कामगिरी प्रशियातल्या रेल्वेत काम करणाऱ्या आउगुस्ट व्होलरची. त्याने आस गरगर फिरवून, वाकवून, लाखो वेळा ताण देऊन तोडले, वर्षानुवर्षं. 1870 पर्यंत त्याच्या हाती जे आलं ते आजही इंजिनिअरिंगचा विद्यार्थी शिकतो. एका झटक्यात धातू तोडायला जितका ताण लागतो, त्याहून कितीतरी कमी ताण पुन्हा पुन्हा दिला तरी तो तुटतो. किती ताण आणि किती वेळा, हे दोनच प्रश्न. लोखंडासाठी त्याला अशी मर्यादाही सापडली की ताण तिच्याखाली ठेवला, तर आवर्तनं कितीही झाली तरी आस टिकतो.

शंभर वर्षांनी तोच प्रश्न आकाशात आला. ब्रिटनचं कॉमेट हे जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान. 10 जानेवारी 1954 रोजी एक कॉमेट एल्बा बेटाजवळ हवेत फुटलं, 8 एप्रिलला दुसरं नेपल्सजवळ. फार्नबरोच्या ब्रिटिश विमानसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी एका कॉमेटचं धड पाण्याच्या अजस्र टाकीत बुडवलं आणि आत दाब भरायचा, सोडायचा, असं सुरू केलं. एक भरणं-सोडणं म्हणजे एक उड्डाण. 1,221 खरी उड्डाणं आणि 1,836 टाकीतली, अशी एकूण 3,057 आवर्तनं झाल्यावर ते धड फाटलं. तडा खिडकीच्या कोपऱ्यापासून निघाला होता. तेव्हापासून प्रत्येक प्रवासी विमानाच्या आवर्तनांचा हिशेब ठेवला जातो आणि ठरलेल्या आकड्याला त्याची तपासणी होते, भाग बदलले जातात.

फतीस्केरे, तडा जाणं, हा त्या शब्दाच्या पोटातला जुना अर्थ जणू इथे पुन्हा वर आला. पण मला त्याहून रोचक वाटते ती चौकशीची पद्धत. कॉमेटच्या पत्र्याला चिकाटी कमी पडली असं फार्नबरोत कोणी म्हटलं नाही. शेजारचा पत्रा टिकला, मग हाच का फाटला, असं टोमण्याच्या सुरात विचारलं नाही. पत्र्याला सकारात्मक विचारांच्या कार्यशाळेला पाठवलं नाही. ताण कुठून आला, किती वेळा आला, कोणत्या कोपऱ्यात साचला, आणि तो कोपरा तसा कोणी आखला, एवढंच विचारलं. लॅटिनमधला कर्ता धातुशास्त्राने व्यवस्थित जपला.

माणसाच्या बाबतीत हेच करून बघण्याचा प्रयत्न झाला नाही असं नाही. तुरीनचा शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो याने 1880च्या दशकात एर्गोग्राफ हे यंत्र बनवलं. हात पट्ट्यांनी बांधायचा, मधल्या बोटाला दोरी, दोरीला वजन. ठरावीक ठेक्यावर ते उचलत राहायचं. धुरकटलेल्या कागदावर प्रत्येक उचलीची रेघ उमटते आणि रेघा बुटक्या होत होत शून्यावर येतात. त्याचा सहकारी माज्जोरा विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आला की त्याचं बोट लवकर थांबायचं. म्हणजे डोक्याने केलेलं काम स्नायूत दिसायचं. 1891 मध्ये मोस्सोचं थकव्यावरचं पुस्तक आलं. त्यात प्रयोगशाळेबरोबर सिसिलीच्या गंधकाच्या खाणींत ओझी वाहून वाकडी झालेली पोरंही आहेत. वाकवणारा कोण, हे त्याने झाकलं नाही. (याच सुमाराच्या उत्साहात जर्मनीतल्या वाइखार्ट या संशोधकाने 1904 मध्ये थकव्यावर लस सापडल्याचं जाहीर केलं होतं. लस अर्थातच फसली. मालकवर्गाने मात्र तिची आशा अजून सोडलेली नाही.)

मोजता येतं म्हटल्यावर दोन्ही बाजू मापं घेऊन धावल्या. अमेरिकेत 1908 मध्ये ऑरेगन राज्याचा स्त्री-कामगारांसाठीचा दहा तासांचा कायदा सर्वोच्च न्यायालयात टिकवायला वकील ब्रँडाइस आणि जोसेफीन गोल्डमार्क यांनी शंभरावर पानांचं निवेदन दिलं. त्यात कायद्याची कलमं थोडकी, कारखाना-निरीक्षकांचे आणि डॉक्टरांचे अहवालच जास्त. खटला जिंकला. उलट बाजूला, पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत तास कमी केल्याने उत्पादन घटत नाही, उलट वाढतं, हे दिसल्यावर थकवा हा मालकांच्याही जिव्हाळ्याचा विषय झाला, आणि 1918 मध्ये औद्योगिक थकव्याच्या संशोधनासाठी सरकारी मंडळ बसलं. पण मंडळ बसून तीन वर्षं होतात न होतात तोच, 1921 मध्ये, बर्नार्ड मुसिओ या मानसशास्त्रज्ञाने निष्कर्ष काढला की थकव्याची खात्रीची चाचणी शक्य नाही, आणि काटेकोर विज्ञानाने हा शब्दच टाकून द्यावा.

मुसिओचं चूक नव्हतं. लोखंड तुटतं तेव्हा तुटलेलं दिसतं. माणूस तुटण्याच्या कितीतरी आधी थांबतो, किंवा तुटल्यावरही कामावर येत राहतो. पण ज्याचं मोजमाप होत नाही ते नसतंच, असं मानायला ज्यांचा फायदा होता त्यांनी ही अडचण आनंदाने उचलली.

मुंबईच्या गिरण्यांत तर मोजमापापर्यंत गोष्ट पोचलीच नव्हती. 1884 मध्ये जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या साध्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, आणि मजुरी पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. माणूस थकू नये आणि पगारही थकू नये. मराठीत दोन्हीला क्रियापद एकच आहे, आणि दोन्हीकडे कर्ता सारखाच लपतो: ‘पगार थकला’ म्हणताना तो थकवणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही. रविवारची सुट्टी मिळायला 10 जून 1890 उजाडावा लागला.

त्यानंतर गिरण्यांत विजेचे दिवे आले. आतापर्यंत सूर्य मावळला की माग थांबायचा. तीही मर्यादा गेली. 1905च्या सुमारास तेजीच्या दिवसांत काही गिरण्या 14-15 तास चालू लागल्या. ओरड झाली आणि 1908 मध्ये फॅक्टरी कामगार आयोगाने चौकशी केली. त्या काळी गिरणीमालकांचा ठरलेला युक्तिवाद असा की हिंदी कामगार गिरणीत असतो तेवढा वेळ काम करतच नाही. मधून मधून बाहेर जातो, विडी ओढतो, अंघोळ करतो, जेवतो, रेंगाळतो. तेव्हा तास मोजण्यात अर्थ नाही, हा त्याचा स्वभावच आहे.

या युक्तिवादाकडे जरा थांबून पाहायला हवं. कापसाच्या धुळीत, दमट उष्णतेत चौदा तास उभा राहणारा माणूस अधूनमधून बाहेर जातो, ही वस्तुस्थिती. तिचा सरळ अर्थ असा की एवढा वेळ सलग काम होऊ शकत नाही, म्हणून शरीर आपणहून थांबे घेतं. मालकांनी त्याच वस्तुस्थितीतून उलटं काढलं: तो आळशी आहे, म्हणून वेळ जास्त लागतो. लोखंड स्फटिकमय झालंय म्हणणाऱ्यांचा हाच तर्क होता, फक्त इथे रँकिन नव्हता. अगदीच नव्हता असंही नाही. आयोगाचे एक सदस्य डॉ. टी. एम. नायर यांनी वेगळी टिपणी जोडून प्रौढ पुरुषांच्याही तासांवर थेट मर्यादा घालावी असं मांडलं. 1911च्या कायद्याने कापड गिरण्यांत प्रौढ पुरुषांसाठी 12 तासांची मर्यादा आली. 12 तास ही तेव्हा सुधारणा होती.

दुसऱ्या महायुद्धात हाच वाद सैन्यात रंगला. मोडून पडलेल्या सैनिकांसाठी अमेरिकन फौजेने 1943 मध्ये वेडाचे जुने शिक्के टाळून थकव्याची भाषा जाणूनबुजून स्वीकारली. शहाणपणाचा निर्णय होता: दोष माणसात नाही, त्याने जे सोसलं त्यात आहे, काही दिवस झोप, गरम जेवण द्या, बरेच जण सावरतील. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिसिलीच्या लष्करी इस्पितळांत जनरल पॅटनने अशा दोन सैनिकांना भेकड म्हणून मुस्काटात मारली. त्याला माफी मागावी लागली. पण पॅटनची परंपरा संपली असं म्हणवत नाही. थप्पड तेवढी राहिली नाही.

यावर एक आक्षेप मला मोलाचा वाटतो. माणूस म्हणजे आस नव्हे. ज्याच्यावर काहीच ओझं नाही तोही थकतो. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनटाल नावाचं गाव होतं. गावाला पोसणारी कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी 1930च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे राहून पाहणी केली. रिकाम्या माणसांना वेळच वेळ होता. त्यांनी पुष्कळ वाचावं, संघटना कराव्यात, असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ग्रंथालयातून पुस्तकं नेणं घटलं. संशोधक खिडकीतून घड्याळ लावून रस्त्यावरच्या माणसांचा चालण्याचा वेग मोजत होते. पुरुष रेंगाळत चालत, ठिकठिकाणी थबकत. घरकाम अंगावर असलेल्या बायका झपाझप जात. या गावाला अभ्यासकांनी ‘थकलेला समाज’ म्हटलं.

म्हणजे थकवा ओझ्याने येतो हे अर्धंच खरं. पण मारिएनटालच्या पुरुषांचा थकवा त्यांच्या पिंडातून आला होता का? गिरणी त्यांनी बंद केली नव्हती. कर्ता इथेही बाहेरच होता. त्याने ओझं लादून नव्हे, काढून घेऊन थकवलं. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. 2019च्या वेळवापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्यांपैकी बायका त्याला दिवसाला सरासरी 299 मिनिटं देतात आणि पुरुष 97, असं निघालं. अशी बाई ‘थकवा जाणवतो’ म्हणते तेव्हा तिला योगासनांचा सल्ला देणं काही गुन्हा नाही. पण घरात शेवटी कोण जेवतं, हे कोणी विचारत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ‘बर्नआउट’ला आपल्या यादीत जागा दिली ती आजार म्हणून नव्हे, कामाशी जोडलेली घटना म्हणून, नीट न हाताळलेल्या, दीर्घकाळच्या कामाच्या ताणातून आलेली. व्याख्या वाचताना माझं लक्ष त्या ‘न हाताळलेल्या’पाशी अडलं. कोणी न हाताळलेल्या? वाक्य पुन्हा कर्त्यावाचून सुटलंय. आणि त्या मोकळ्या जागेत ऑफिसांच्या ध्यानधारणेच्या तासिका येऊन बसल्यात. याच संघटनेने 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेबरोबर अंदाज दिला होता की आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम केल्याने 2016 या एका वर्षात पक्षाघात आणि हृदयविकाराने सुमारे 7 लाख 45 हजार माणसं गेली. त्यानंतर दोनच वर्षांनी नारायण मूर्तींनी तरुणांना 70 तासांचं आवाहन केलं, आणि 2025 मध्ये एका मोठ्या कंपनीच्या अध्यक्षांनी आकडा 90 वर नेला. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर न्यायला मान्यता दिली. जादा कामाला कामगाराची लेखी संमती हवी अशी अट आहे. अट चांगल्या हेतूची असेल. पण तिच्यामुळे कागदोपत्री थकवणारा आणि थकणारा एकच माणूस होतो.

वैमानिकांच्या बाबतीत आपण थोडे शहाणे झालो, तेही माणसं मेल्यावर. 22 मे 2010 रोजी दुबईहून आलेलं विमान मंगळुरूच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं, 158 माणसं गेली. चौकशीत दिसलं की कॅप्टन प्रवासाचा बराच भाग झोपलेला होता आणि उतरण्याच्या वेळी झोपेचा अंमल पुरता गेला नव्हता. चुकीचा ठपका त्याच्यावर आला, तो बरोबरच होता. पण पहाटेच्या त्या घटकेला माणसाचं शरीर झोप मागतं, हेही नोंदलं गेलं. जानेवारी 2024 मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तास केली. कंपन्यांची कुरकुर आणि न्यायालयातल्या फेऱ्या होऊन ती 2025 मध्ये लागू झाली.

निवासी डॉक्टरांसाठी असा नियम 1992 पासूनच आहे. केंद्राच्या त्या आदेशानुसार सलग काम ‘सर्वसाधारणपणे’ दिवसाला 12 तासांहून आणि आठवड्याला 48 तासांहून जास्त नसावं. सरकारी रुग्णालयांत 36 तासांच्या ड्युट्या त्या ‘सर्वसाधारणपणे’च्या आडोशाने चालू राहतात. ड्युटीपत्रकावर सही करणाऱ्याचं नाव असतं. एखाद्या डॉक्टरच्या हातून रात्री चूक झाली तर चौकशी समितीने व्होलरचे दोन प्रश्न, किती ताण आणि किती वेळा, आधी त्या सहीवाल्याला विचारावेत. डॉक्टरला काय विचारायचं ते नंतर.